एका आठवड्यात जन्मलेली सतरा हजार मुले

१९५८ सालच्या मार्च महिन्याची ३ ते ९ तारीख. या सात दिवसांत इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जी बाळे जन्मली, त्यांचा एकेक अर्ज बाळंतपण करणाऱ्या सुईणींनी भरला. आईचे वय किती, बाप काय काम करतो, बाळाचे वजन किती भरले. बाळे जन्मताना का दगावतात, एवढेच तेव्हा शोधायचे होते. काम झाले, अर्ज कपाटात गेले. पण १९६५ साली प्राथमिक शाळांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीला माहिती हवी होती, म्हणून सात वर्षांची झालेली ही मुले पुन्हा शोधून काढण्यात आली. मग अकराव्या वर्षी गाठले, सोळाव्या वर्षी गाठले, तेविसाव्या वर्षी गाठले. मजुराचे पोर आणि डॉक्टरचे पोर एकाच यादीत. सतरा हजारांहून जास्त नावे. आज ती माणसे पासष्टीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांची विचारपूस अजून चालूच आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. वाचकहो, परीक्षेचा निकाल हा फोटोसारखा असतो. पोरगा सोळाव्या वर्षी गणितात नापास झाला, एवढे त्यात दिसते. तो पुढे कोणत्या कामाला लागला, किती वेळा घरी बसला, त्याच्या पोराला पाढे कोणी शिकवले, हे फोटोत नसते. त्यासाठी त्याच माणसाच्या दारात वर्षानुवर्षे जावे लागते.

ही युक्ती त्याआधीच सुरू झाली होती. १९४६ साली जन्मलेल्या ५,३६२ मुलांचा असाच माग जेम्स डग्लस या डॉक्टरांनी ठेवला. १९६४ साली त्यांनी पुस्तक काढून दाखवले, की हुशार असूनही कामगारांची मुले अकराव्या वर्षाच्या निवडीत मागे पडतात आणि चांगल्या शाळेत पोहोचत नाहीत. आठव्या ते अकराव्या वर्षात अंतर वाढत गेले होते. पोर जन्मतःच 'ढ' असते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते.

१९५८ च्या मुलांकडे परत येऊ. १९८१ साली ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा त्यांना विचारले, की शाळा सोडल्यापासून लिहिण्या-वाचण्यात किंवा हिशेबात अडचण आली का? शंभरातल्या तेरा जणांनी हो म्हटले. पुढे १९९५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांच्यातल्या दहाव्या हिश्शाची प्रत्यक्ष चाचणी झाली. प्रश्न रोजच्या व्यवहारातले होते: छापील माहिती वाचून हवी ती गोष्ट शोधायची, पैशांचा हिशेब करायचा. तेव्हा दिसले, की जितके जण अडचण कबूल करतात त्याहून अडचणीत असलेले कितीतरी जास्त आहेत. हिशेबात तर फारच. हे लपवणे आपल्याला नवीन नाही. चष्मा घरी राहिला म्हणून दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो.

जॉन बिनर आणि समंथा पार्सन्स या दोन संशोधकांनी या माहितीतून काही गोष्टी काढल्या. त्या घरात बसून बोलण्यासारख्या आहेत. पहिली हिशेबाची. ज्यांना वाचता ठीक येत होते पण आकडेमोड कच्ची होती, तेसुद्धा नोकरीत मागे राहिले. पगार कमी, बढती कमी, कामावर नवीन काही शिकायला पाठवले तर ते दुसऱ्यालाच. स्त्रियांना याचा फटका जास्त ठळक बसला. मुलीला गणित येत नाही तर राहू द्या, असे सहज म्हणणाऱ्या आई-वडिलांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट १९९८ साली त्यांनी मांडली. सोळाव्या वर्षाच्या चाचण्या आणि सदतिसाव्या वर्षाच्या चाचण्या शेजारी ठेवल्या, आणि मधल्या काळात कोण किती महिने बेकार होता ते पाहिले. काम गेले की शिकलेलेही झिजते! ज्यांचे वाचन मुळात पक्के होते त्यांचे फारसे गेले नाही. ज्यांचे कच्चे होते त्यांचे होते तेही गेले. हिशेबाला तर लवकर गंज चढला. म्हणजे गिरणी बंद पडते, कारखान्याला टाळे लागते, तेव्हा माणूस पगाराबरोबर आणखी काही गमावतो आणि ते कोणत्याही नुकसानभरपाईत धरलेले नसते.

आणि याचा पुढच्या पिढीशी संबंध आहे. १९९१ साली या माणसांच्या मुलांच्याही चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आई-वडिलांना लिहिण्या-वाचण्यात अडचण होती, ती मुलेही मागे होती.

मग मोठेपणी शिकून काही होते का? याचे चांगले उत्तर अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातून आले. स्टीफन रेडर यांनी १९९८ ते २००७ या काळात शाळा अर्धवट सोडलेल्या सुमारे ९४० प्रौढांचा पाठपुरावा केला. काही जण वर्गाला जात होते, काही जात नव्हते. घरी जाऊन चाचण्या घेतल्या, मुलाखती घेतल्या, पगाराच्या सरकारी नोंदीही पाहिल्या. वर्गाला जाणाऱ्यांचे गुण न जाणाऱ्यांपेक्षा लगेच वाढले नाहीत. वाढली ती सवय: घरी वाचणे, पत्र लिहिणे, हिशेब स्वतः करणे. गुण आणि कमाई मागाहून, काही वर्षांनी वाढली, आणि शंभर तास किंवा त्याहून जास्त वर्गात बसलेल्यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. तीन महिन्यांनी परीक्षा घेऊन 'काही फायदा नाही' म्हणत रात्रीचा वर्ग बंद करणाऱ्या साहेबांना हा कागद कोणी तरी दाखवायला हवा.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'यंग लाइव्हज' या अभ्यासात २००२ सालापासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या तीन हजार मुलांच्या घरी पुन्हा पुन्हा जाणे सुरू आहे. त्यांतली हजार मुले १९९४-९५ ची जन्मलेली. म्हणजे शाळा, मजुरी, लग्न, कॉलेज, सगळे समोर घडताना नोंदले गेले. ती आता तिशीत आहेत.

या कामात सर्वांत अवघड काय, तर माणूस पुन्हा सापडणे. भाड्याचे घर सुटते, काम दुसऱ्या गावी लागते, पत्ता बदलतो. गरीब माणूस यादीतून आधी गळतो, आणि तो गळला की आकडे खोटेच चांगले दिसू लागतात. म्हणून इंग्लंडातले संशोधक त्या मुलांना दर वाढदिवसाला शुभेच्छापत्र पाठवत आले. पत्र परत आले तर समजायचे, की घर बदलले.

१९६९ साली, अकरा वर्षांची असताना, या मुलांना वर्गात एक निबंध लिहायला दिला होता: तुम्ही पंचवीस वर्षांचे झाला आहात असे समजा आणि तुमचे घर, काम, आवडी यांविषयी लिहा. तेरा हजारांहून अधिक निबंध जमले. अर्धवट अक्षरातले, चुकांनी भरलेलेसुद्धा कोणी फेकले नाहीत. आज संशोधक ते निबंध उघडतात आणि त्याच मुलाच्या पंचविशीनंतरच्या कागदांशेजारी ठेवून वाचतात.