बादलीभर पालक, वजन किती?

झरी जामणी : बाजारात पालक, मेथी, सांबार जुडीवर मिळतो. पण शाळेच्या पोषण आहाराचा हिशोब ग्रॅममध्ये आहे. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम.

पालेभाजी डोळ्याला फसवते. २४० मिलीच्या कपात निवडलेला कच्चा पालक सैल भरला, तर वजन जेमतेम ३० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरची बादली काठोकाठ भरली तरी दोन किलो होत नाही. पाचवीपर्यंतच्या ४० मुलांना नुसत्या पालकाची भाजी करायची, तर पूर्ण दोन किलो लागतो. शिजल्यावर पालक दबतो; शिजलेला एक कप १८० ग्रॅमच्या आसपास भरतो.

मग करायचं काय? देठ, मुळं, माती काढा, पाणी निथळू द्या, मगच मोजा. ओल्या पाल्यात पाण्याचं वजन येतं. किराणा दुकानाच्या काट्यावर एक किलो निवडलेला पालक एकदा मोजा, तो आपल्या गंजात सैल भरा अन् तिथे खूण करा. मेथीची खूण वेगळी करा. रोज काटा लागणार नाही.

नुसत्या जुड्या मोजल्या, तर कमी पडते ते मुलाच्याच ताटात.