वार्धक्यातील हातांची त्वचा : अभ्यंगात राहून गेलेला अवयव

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी नित्य अभ्यंग सांगून तो शिर, कर्ण व पाद या ठिकाणी विशेषत्वाने करावा असे म्हटले आहे. हातांचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही. जो स्वहस्ते तेल चोळतो त्याच्या हातांना ते आपोआप लागते, हे त्यामागील गृहीत असावे. आज ते उरलेले नाही. पुण्यातील बहुतेक घरांत अभ्यंग दिवाळीपुरता राहिला असून हात मात्र दिवसातून अनेकदा साबणाखाली जातात.

वार्धक्य हा वाताचा काळ आणि त्वचा हे वायुप्रधान स्पर्शनेंद्रियाचे अधिष्ठान. म्हणून जरेचा रूक्ष गुण येथे लवकर दिसतो. त्यातही हाताच्या पाठीची त्वचा मुळातच पातळ. तिच्याखालील मेद वयानुसार घटतो व शिरा वर दिसू लागतात. तळहातात तर स्नेहग्रंथी नसतातच. त्वचेचा सामू सुमारे ५, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने बिघडलेले हे संतुलन तरुण त्वचा लवकर सावरते, वृद्ध त्वचेला विलंब लागतो. डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या थंडीत चिकित्सालयात येणारे भेगाळलेले हात हे बहुधा याचेच फळ.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका सत्तरीच्या रुग्णेच्या हातांवर भेगांसह जांभळे डाग होते. त्वचा कागदासारखी झालेली. विचारपूस करता कळले की, शेजारणीच्या सल्ल्याने आणलेले क्लोबेटासोलचे मलम त्या आठ महिने लावीत होत्या. खाज थांबे, म्हणून गुण येतो अशी समजूत. तीव्र स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा अधिकच पातळ होते. सोबत रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ धक्क्यानेही रक्त साकळते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाह्योपचाराची १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, त्यामुळे चिठ्ठीविना ती देता येत नाहीत. औषधालयाच्या चालकांनी येथे भिडेला बळी पडू नये. वैद्यांनीही ‘कोणते मलम लावता?’ एवढ्यावर न थांबता नळी आणावयास सांगावी.

उपचार साधा आहे, पण वेळ साधावी लागते. साबणाऐवजी शक्य तेथे मसूर वा हरभऱ्याचे पीठ वापरावे. हात कोमट पाण्याने धुऊन, टिपून, किंचित ओलसर असतानाच पाव चमचा तीळतेल दोन्ही हातांना, नखांच्या मुळांपर्यंत, जिरवावे. दाह असल्यास शतधौत घृत उत्तम. मात्र त्यात पाणी राहत असल्याने ते लवकर खवट होते. विक्रेत्यांनी ते थोडे करावे आणि डबीवर तारीख घालावी. भेगा खोल व वेदनायुक्त असतील तर चरकोक्त विपादिकेचा विचार करून त्याच अध्यायातील जीवंत्यादी यमक योजावे. त्यातील राळ व मेण भेग धरून ठेवतात, हा माझा नित्याचा अनुभव. त्यात मोरचूद असल्याने ते केवळ बाह्योपयोगी, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

तपकिरी डागांसाठी कुंकुमादी तेल मागणारे पुष्कळ. परंतु ते डाग मुख्यतः उन्हाचे. दुचाकीवरील तरुणी कोपरापर्यंत हातमोजे घालतात आणि उन्हात पर्वती उतरणारे त्यांचे आजोबा उघड्या हातांनी! आधी ऊन टाळावे, मग तेलाचा खर्च करावा. लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय मात्र बंद करावा; लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होऊन काळवंडू शकते.

बधिर चट्टा, न भरणारा व्रण अथवा आकार-रंग बदलणारा डाग जरेच्या खात्यावर टाकू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडावे. भेगा वारंवार चिघळत असतील तर रक्तशर्करा तपासावी.

आणखी एक. तेलकट हातातून काठी निसटते, जिन्याचा कठडाही सुटतो. म्हणून वृद्धांना रात्रीचा लेप अंथरुणावर बसल्यावरच लावण्यास सांगावा, वर सुती हातमोजे घालावेत आणि रात्री उठताना ते काढून हात पुसण्यासाठी उशाशी एक फडके ठेवावे.