जड चिलखत आणि एक 'म्हणून'

वाक्यसंकलनाचा प्रश्न मुलांना आवडत नाही, आणि खरे सांगायचे तर तपासणाऱ्यालाही नाही. तीन सुटी वाक्ये द्यायची नि त्यांचे एक करून मागायचे. पण एक करण्याच्या वाटा इतक्या, की गठ्ठा संपेपर्यंत डोके भणभणते.

उदगीरला मी मराठी शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. गावात किल्ला, १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले ते याच मुलखात. तेव्हा उताराही लढाईचाच घेतला. 'चिलखत जड असे. चिलखताने प्राण वाचत. सैनिक चिलखत घालीत.' यांचे संयुक्त वाक्य करा.

माझ्या वहीतले उत्तर असे: 'चिलखत जड असे, परंतु त्याने प्राण वाचत, म्हणून सैनिक ते घालीत.' एका पठ्ठ्याने लिहिले, 'चिलखत जड असे, म्हणून सैनिक ते घालीत.' व्यायाम होतो, असे त्याला वाटले असावे! एका मुलीने लिहिले होते, 'चिलखताने प्राण वाचत, म्हणून ते जड असले तरी सैनिक घालीत.' 'परंतु' दिसला नाही, क्रमही उलटा. मी दोघांनाही सारखीच फुली मारली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दाराशी उभी. "सर, माझं काय चुकलं?"

मी 'परंतु'वर बोट ठेवले.

"पण सर, घरातून निघताना सैनिकाच्या मनात आधी काय येत असेल? चिलखत जड आहे हे, का परत यायचंय हे?"

मला उत्तर सुचेना. चिलखत म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या लोखंडी कड्या. तलवारीची धार त्यांवरून घसरते. पण भाल्याचे टोक कडी फोडून आत शिरू शकते, आणि गदेच्या घावाने कडी शाबूत राहून आतले हाड मोडते. त्यावर मराठवाड्याचे ऊन! एवढे सोसून माणूस ते अंगावर चढवी, ते परत येण्याच्या आशेनेच. पुढे बंदुका-तोफा वाढल्या, भाऊंच्या फौजेत तर इब्राहिमखान गारद्याचा तोफखानाच होता. आणि हळूहळू चिलखत मागे पडले. तेथेही 'म्हणून'च हवा.

व्याकरणानेही तिची बाजू खरी होती. 'म्हणून' हे परिणामबोधक अव्यय. त्याने दोन प्रधान वाक्ये जोडली, की वाक्य संयुक्त झाले. 'जड असले तरी' हे गौण वाक्य मध्ये आले, एवढ्याने काही बिघडत नाही. 'परंतु' वापरा, असे मी प्रश्नात म्हटलेच नव्हते.

गुणपत्रक कार्यालयात गेले होते. मी जाऊन ते परत मागितले, खाडाखोड करून सही केली. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले, बोलले काही नाहीत. मग वर्गात दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली आणि चूक माझी होती, असे सांगितले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून व्यायामवाल्याचा हात वर आला.

"सर, मग माझाबी एक गुण वाढंल का?"