वेगळ्या घडणीची मुले आणि व्यायाम

मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या नातवाला एका शिबिरात घातले होते. नातू नऊ वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "उद्यापासून पाठवू नका, तो रांगेत उभा राहत नाही." ते खरेच होते, त्यामुळे आम्ही वाद घातला नाही. पण ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच मैदानातून घरी पाठवायचे, हे मनाला लागून राहिले. त्यानंतर डॉक्टरांना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारून जे समजले आणि आम्ही आजी-आजोबांनी स्वतः करून पाहिले, ते येथे सांगत आहोत. आमची हयात बँकेत गेली, वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावे.

ऑटिझम, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, या सगळ्यांना मिळून हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. म्हणजे मेंदूची घडणच वेगळी. व्यायामाने ही घडण बदलत नाही. कोणी 'योगाने ऑटिझम बरा करतो' असे सांगून पैसे मागितले तर सरळ उठून यावे.

मग व्यायामाने होते काय? डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकलो. त्याशिवाय सांधे आणि स्नायूंची एक जाणीव असते. हात कुठे आहे, जोर किती लावला, हे ती न बघता सांगते. तोल सांभाळणारी जाणीव आतल्या कानात असते. यांतल्या बऱ्याच मुलांना हे निरोप नीट पोहोचत नाहीत. म्हणून मूल सोफ्यावर धपकन पडते, गोल गोल फिरते, पेन्सिल इतकी दाबते की टोक मोडते. आपण त्याला 'मस्ती' म्हणतो. ओढणे, ढकलणे, लटकणे, ओझे उचलणे अशा कामांत स्नायूंना भरपूर जोर लागतो आणि अशी बरीच मुले त्यानंतर शांत होतात.

अतिचंचल मुलांबद्दल अमेरिकेतला एक छोटा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठ ते दहा वर्षांची ४० मुले होती, त्यांतली निम्मी एडीएचडीची. २० मिनिटे ट्रेडमिलवर चालल्यानंतर त्यांचे लक्ष आणि वाचन, तेवढाच वेळ बसून राहिल्यानंतरच्यापेक्षा चांगले आढळले. ४० मुलांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण गृहपाठाआधी २० मिनिटे पळवून आणायला खर्च काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे व्यायाम सांगितला, तो दिव्यांग मुलांनाही धरून.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावे आपल्या घरांत नवीन नाहीत. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच गावात सिद्ध केले. ही तालमीची परंपरा या मुलांना का मानवावी, याचे उत्तर आम्हाला फार उशिरा सुचले. क्रिकेट किंवा खो-खोमध्ये दुसऱ्याच्या मनातले क्षणात ओळखावे लागते, आणि तेच तर या मुलांना जड जाते. सूर्यनमस्कारात तसे नाही. क्रम ठरलेला, मोजणी ठरलेली, आज जे काल तेच. दोरीच्या मल्लखांबावर तर पूर्ण अंगाचा भार स्वतःच्या हातापायांनी तोलायचा असतो, म्हणजे वर सांगितलेली स्नायूंची जाणीव पुरेपूर. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

आम्ही सुरुवात मल्लखांबाने केली नाही, एवढी छाती नव्हती. सकाळी साडेसहाला कमाटीबाग, रोज तोच रस्ता, तेच झाड, झाडाखाली सूर्यनमस्कार. आजीने वहीत प्रत्येक स्थितीचे चित्र काढले. पहिले दोन आठवडे नातवाने एकही नमस्कार घातला नाही, फक्त आमच्याकडे बघून हसत होता. (आजोबांचे पोट आड येत होते, त्यामुळे हसणे रास्तच.) नंतर एक दिवस त्याने मधलीच एक स्थिती केली. आता सहा घालतो आणि सातवा घाल म्हटले तर रागावतो. झोप मात्र सुधारली, रात्री दोनला उठून बसणे कमी झाले. एकदा नेहमीचे फाटक बंद होते, तेव्हा त्याने रस्त्यावरच बसकण मारली. जाणाऱ्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय." त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात, त्यांना कोलांटी किंवा शीर्षासन धोक्याचे. फिट येत असतील तर उंचावर चढणे आणि पोहणे याबद्दल आधी बोलून घ्यावे. ऑटिझमच्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि भीती नसते, तेव्हा पोहायला शिकवावे, पण डोळ्यांआड होऊ देऊ नये. आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे. तहान लागली हे काही मुलांना कळतच नाही, म्हणून न मागता ठरावीक वेळाने पाणी द्यावे. लेझीम तालासाठी उत्तम, पण ढोल-ताशा सुरू झाला की कान झाकणारी मुले असतात. त्यांना सरावाला, आवाज कमी असताना न्यावे.

मंडळाच्या कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. यंदाच्या उन्हाळी वर्गात सकाळची पहिली ४० मिनिटे अशा मुलांसाठी ठेवावी. एका वेळी चारच मुले, शिट्टी नाही, रांगेची सक्ती नाही, आणि पालकांपैकी एकाने सोबत थांबायचे. सतरंज्या घालायला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला आम्ही दोघे रोज येऊ. ज्या घरी असे मूल आहे, पण अजून कोणाला सांगितलेले नाही, त्यांनी नाव न नोंदवता नुसते बघायला आले तरी चालेल. नातू सव्वासहालाच येऊन बसलेला असेल.