अजगर, धामण, मण्यार : बनारसचा पुरावा

चार्ल्स डार्विनची जयंती १२ फेब्रुवारीला येते. त्याच्या सिद्धांताचा एक पक्का धागा काशीत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात सापडतो. गुणसूत्रांची ओळख डार्विनला नव्हती. बनारसच्या संशोधकांनी उत्क्रांती नेमकी तिथेच वाचली.

प्रा. एस. पी. रे-चौधुरी यांच्या हाताखाली लालजी सिंह सापांची गुणसूत्रे तपासत होते. बहुतेक सापांत नराची लिंगगुणसूत्रे ‘झेड-झेड’, मादीची ‘झेड-डब्ल्यू’. अजगरात लिंगगुणसूत्रांची जोडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसते. धामणीच्या कुळातल्या काही जातींतही आकार सारखाच. पण पेशी विभागण्याआधी ‘डब्ल्यू’ची प्रत इतरांच्या मागून तयार होते. नाग आणि घोणस यांच्या कुळांत तर फरक उघड दिसतो. म्हणजे एकसारख्या जोडीतला एक जोडीदार हळूहळू वेगळा कसा होत गेला, त्याच्या पायऱ्या आजच्या जिवंत सापांतच शिल्लक आहेत! जीवाश्मांशिवाय उत्क्रांती इतकी स्पष्ट दिसावी, हे विलक्षणच. लिंगगुणसूत्रे एकसारख्या जोडीतूनच वेगळी झाली, या जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कल्पनेला या कामाने मोठे बळ दिले. १९७१ मध्ये लालजींना डॉक्टरेट मिळाली.

पुढे पट्टेरी मण्यारीच्या मादीतून त्यांनी डीएनएचा एक तुकडा वेगळा केला. त्यावरूनच १९८८ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत भारताचे स्वतःचे डीएनए ठसेतंत्र उभे राहिले. लालजी २०११ ते २०१४ या काळात त्याच बनारस विद्यापीठाचे कुलगुरू होते.