जहाज चुकले तरी चालेल! सफरीच्या तोंडावर कोरोना चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर...

चंद्रपूर (प्रतिनिधी) - मुंबई-गोवा जलसफरीचे आरक्षण चार महिन्यांपूर्वीच झालेले असते. रेल्वेची तिकिटे हाती असतात, कार्यालयातून रजा मंजूर झालेली असते, शेजारपाजारी बातमीही पोचलेली असते. निघायला दोन दिवस उरले असताना घरातील एकाचा घसा दुखू लागतो, अंग कसकसते आणि घरच्या घरी केलेल्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटतात. आता काय करायचे? 'थोडी सर्दी तर आहे, गोळी घेऊ आणि जाऊ' असे म्हणायचे, की इतक्या महिन्यांच्या बेतावर पाणी सोडायचे?

साथीच्या काळात हा प्रश्न प्रवाशापुढे अशा रूपात येत नव्हता. अहवाल नसेल तर प्रवेश नाही, असा नियमच होता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि प्रवासापूर्वीच्या सक्तीच्या चाचण्या मागे पडल्या. विषाणू मात्र गेलेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्येच देशातील सक्रिय रुग्णांची संख्या सात हजारांवर गेली होती आणि महाराष्ट्रातही रुग्ण आढळत होते. फरक इतकाच, की पूर्वी निर्णय नियम घेत असे. आता तो प्रवाशाला स्वतः घ्यावा लागतो. म्हणूनच तो कसा घ्यावा, हे आधी समजून घेतलेले बरे.

मुरगाव बंदरातील धडा

या बाबतीतले आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण जानेवारी २०२२ मधील आहे. नववर्षाच्या स्वागतासाठी मुंबईहून गोव्याकडे निघालेले 'कॉर्डेलिया' हे पर्यटक जहाज मुरगाव बंदरात पोचले. जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती. त्यातील एका कर्मचाऱ्याला लागण झाल्याचे निष्पन्न झाल्याने कोणालाही उतरू न देता सर्वांची तपासणी करण्यात आली. ३ जानेवारी रोजी गोव्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी ६६ जण बाधित असल्याचे जाहीर केले. अखेर जहाज प्रवाशांसह मुंबईला परत पाठविण्यात आले. मुंबईत पोचल्यावर झालेल्या तपासणीत आणखी शंभराहून अधिक जण बाधित आढळले.

या प्रकाराची किंमत केवळ बाधितांनीच मोजली नाही. ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशा शेकडो प्रवाशांची सुटीही जहाजाच्या खोलीत, अहवालाची वाट पाहण्यात गेली. गोव्याच्या किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच त्यांना परतावे लागले.

जहाजच का?

ताडोबाच्या सफारीत एका उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि एक चालक असतात. वारा मोकळा असतो आणि तीन-चार तासांत फेरी संपते. पर्यटक जहाजाचे नेमके उलट असते. तेथे दोन-तीन हजार माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच प्रेक्षागृहात कार्यक्रम पाहतात, अरुंद मार्गिकांतून आणि उद्वाहनांतून ये-जा करतात. हा सहवास अनेक दिवस चालतो. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

याचा प्रत्यय जगाला फेब्रुवारी २०२० मध्ये आला. 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजातून २५ जानेवारीला हाँगकाँग येथे उतरलेला एक प्रवासी पुढे बाधित आढळला. जपानच्या योकोहामा बंदरात जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातील १३२ जण कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांना जेवण पोचविण्याचे काम कर्मचारीच करीत होते आणि काम संपल्यावर दाटीवाटीच्या सामायिक खोल्यांत झोपत होते. मुंबई, कोकण आणि गोव्यातील अनेक तरुण अशा जहाजांवर नोकरी करतात. 'माझी सर्दी, माझा प्रश्न' असे म्हणणाऱ्या प्रवाशाने ताट वाढणाऱ्या त्या मुलाचा विचार करावयास हवा.

आणखी एक बाब आहे. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. परंतु तो जिल्हा रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही. मधुमेह, हृदयविकार वा दम्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांची प्रकृती भर समुद्रात बिघडली तर पुढील बंदर येईपर्यंत पर्याय मर्यादित असतात.

दोन रेषांचा अर्थ

घरी करावयाच्या चाचणीचा पहिला भारतीय संच पुण्याच्या मायलॅब कंपनीने तयार केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) त्याला मे २०२१ मध्ये मान्यता दिली. ही अँटिजेन चाचणी असते. विषाणूची प्रथिने ती ओळखते आणि निष्कर्ष पंधरा मिनिटांत मिळतो. 'सी' जवळची रेषा चाचणी नीट झाल्याचे सांगते, तर 'टी' जवळची रेषा लागण असल्याचे सांगते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूची जनुकीय सामग्री अनेक पटींनी वाढवून शोधते. त्यामुळे ती अधिक संवेदनशील असते, मात्र तिला प्रयोगशाळा लागते.

येथे एक महत्त्वाचा नियम लक्षात ठेवावा. आयसीएमआरच्या सूचनांनुसार अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती खरी मानावी, पुन्हा चाचणीची गरज नाही. याउलट लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करून खात्री करावी. म्हणजेच पॉझिटिव्ह निष्कर्षावर जितका विश्वास ठेवता येतो तितका निगेटिव्हवर ठेवता येत नाही. प्रत्यक्षात लोक नेमके उलट वागतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की दुसरी करतात, मग तिसरी. आणि एखादी निगेटिव्ह निघाली की तीच खरी मानून सामान बांधतात.

निगेटिव्ह अहवाल हा केवळ त्या क्षणाचा असतो. समजा, दोन हजार प्रवाशांपैकी वीस जणांना लागण झाली आहे आणि चाचणी दहापैकी सात बाधित पकडते. अशा वेळी चौदा जण सापडतील, पण सहा जण जहाजावर चढतीलच. हा हिशेब केवळ समजण्यासाठी घेतला आहे. परंतु चाचणीची चाळणी लावूनही प्रत्येक पॉझिटिव्ह प्रवाशाने घरी थांबणे का गरजेचे, हे त्यातून स्पष्ट होते. जे चाळणीत सापडत नाहीत त्यांचे काही करता येत नाही. जे सापडले, त्यांनी तरी चढू नये.

चाचणी मुंबईत नव्हे, घरी

चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मुंबईकर प्रवाशाची चाचणी धक्क्यावर पॉझिटिव्ह आली तर तो टॅक्सी करून घरी जाईल. चंद्रपूरकराला मात्र सुमारे नऊशे किलोमीटर परतायचे असते. हॉटेलात थांबावे तर खर्च वाढतो. नातेवाइकांकडे जावे तर त्यांच्या घरी आजार जातो. रेल्वेच्या डब्यात बसावे तर रात्रभर सहप्रवाशांना धोका.

साथीच्या सुरुवातीला आपल्याकडील नमुने तपासणीसाठी नागपूरला पाठवावे लागत आणि अहवालाची प्रतीक्षा करावी लागे. आता ती अडचण राहिलेली नाही. घरगुती चाचणीचा संच औषधांच्या दुकानातून आणून ठेवता येतो. तेव्हा सर्दी, ताप, खोकला, घसादुखी वा अंगदुखी यांपैकी काहीही असल्यास घर सोडण्यापूर्वीच चाचणी करावी. घरात कोणी आजारी असेल तर इतरांनीही करावी. ओमायक्रॉन प्रकारात लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन दिवस लागत असल्याचे आढळले होते. त्यामुळे एकाच छताखालील इतर सदस्य आज ठणठणीत वाटले तरी जहाज सुटेपर्यंत आजारी पडू शकतात. 'बाबांना घरी ठेवून आपण जाऊ' हा तोडगा म्हणूनच फसवा ठरतो.

पॉझिटिव्ह आल्यावर काय करावे?

पहिले काम म्हणजे स्वतंत्र, हवेशीर खोलीत थांबणे आणि मुखपट्टी वापरणे. आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा. वय आणि जुने आजार आवर्जून सांगावेत. श्वास लागणे, छातीत दुखणे वा दडपण येणे, गोंधळल्यासारखे होणे, रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली जाणे, ही लक्षणे दिसताच वेळ न घालविता रुग्णालय गाठावे.

दुसरे काम म्हणजे त्याच दिवशी प्रयोगशाळेतून चाचणी करवून घेणे. हे उपचारासाठी नव्हे, कागदासाठी. घरच्या पट्टीवर ना नाव असते, ना तारीख. जहाज कंपनी वा विमा कंपनी ती पुरावा म्हणून मानीलच असे नाही. नाव, वय, दिनांक आणि वेळ असलेला अहवाल तसेच 'प्रवास करू नये' असे लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ असावे.

तिसरे काम म्हणजे जहाज कंपनीला किंवा प्रवासी संस्थेला तत्काळ कळविणे, आणि तेही लेखी. ई-मेल पाठवावा आणि त्याची प्रत ठेवावी. जहाज सुटण्यापूर्वी कळविलेली रद्दबातल आणि धक्क्यावर न आलेला प्रवासी यांत कंपन्या फरक करतात.

प्रवास पुन्हा कधी करावा? केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांसाठी चाचणीपासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसणे, ही गृहविलगीकरण संपविण्याची अट ठेवली होती. त्यानंतर पुन्हा चाचणी करण्याची गरज नसल्याचेही सांगितले होते. त्याचे कारण असे, की आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचे निर्जीव अवशेषही पकडते. बरा झालेला माणूस त्यामुळे काही आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. सफर दहा-बारा दिवसांवर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घेता येईल. दोन-तीन दिवसांवर असेल तर बेत रद्द करणे हाच मार्ग आहे.

पैशांचे काय?

खरा पेच येथेच आहे. मध्यमवर्गीय कुटुंब वर्ष-दोन वर्षे पैसे साठवून अशी सफर ठरविते. आजार लपविण्याचा मोह वाईट स्वभावातून होतोच असे नाही. बहुधा तो बुडणाऱ्या पैशांच्या भीतीतून होतो. त्यावरचा उपाय आजारपणाच्या दिवशी नव्हे, तर आरक्षणाच्या दिवशी करावा लागतो.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते? वैद्यकीय कारण असल्यास तारीख बदलून मिळते का? न गेलेल्या सफरीची रक्कम पुढील सफरीसाठी जमा धरली जाते का? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. प्रवास विमा घेताना त्यात आजारपणामुळे सफर रद्द झाल्यास भरपाई आहे का, कोरोना त्यातून वगळलेला आहे का, हे वाचावे. आजारी पडल्यानंतर काढलेला विमा उपयोगी पडत नाही. केवळ रुग्णालयाचा खर्च देणाऱ्या आरोग्य विम्यातून जहाजाचे भाडे मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. रेल्वेचे तिकीट आणि हॉटेल यांची रद्द करण्याची मुदतही त्याच कागदावर टिपून ठेवावी.

लपविल्यास...

जहाजावर चढताना आरोग्यविषयक प्रश्नावली भरून द्यावी लागू शकते. ताप उतरविण्याची गोळी घेऊन तापमापक चुकविता येतो. पण प्रश्नावलीवरील सही आपलीच असते. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

कायद्याची बाजूही आहे. मुंबईतील प्लेगनंतर आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यातच बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या तपासणीची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाहून येणाऱ्या जहाजावर कोणी आजारी असल्यास कप्तानाला त्याची माहिती बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी लागते. जीविताला धोकादायक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेले कृत्य निष्काळजीपणाने करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ नुसार गुन्हा आहे.

अर्थात सही करताना माणसाला कायद्याहून अधिक आठवावा तो मुरगाव बंदरातील प्रसंग. किनारा समोर दिसत असूनही दोन हजार माणसे जहाजावर अडकून पडली होती. जहाज पुढच्या हंगामातही सुटणार आहे. घरी राहिलेल्या कुटुंबाची एक सफर हुकते. आजार घेऊन चढलेला प्रवासी कित्येकांची सफर हिरावू शकतो, आणि एखाद्या वृद्धाचे तर त्याहूनही अधिक. पट्टीवर दोन रेषा उमटल्या की बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात ठेवणे, हेच शहाणपणाचे.