संगणक-जाळ्यातील प्रवेश-नियंत्रण प्रणाली : महाविद्यालयांच्या दृष्टीने एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोटांची मालिका घडली. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल मिळाला होता. तो नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठविला गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. पुढच्याच महिन्यात तशाच प्रकारचा दुसरा ई-मेल पाठविण्यासाठी मुंबईतील एका महाविद्यालयाचे वाय-फाय वापरले गेले. दोन्ही ठिकाणी तपास यंत्रणा प्रथम पोहोचली ती जोडणीच्या मालकापर्यंत. बाहेरून दिसतो तो केवळ संस्थेचा पत्ता. आत त्या क्षणी नेमके कोण होते, हे संस्थेलाच सांगता यावे लागते. आजही अनेक महाविद्यालयांत वाय-फायचा एकच पासवर्ड सर्वांना दिला जातो आणि विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावरही तो बदलला जात नाही. अशा ठिकाणी हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

नेटवर्क प्रवेश-नियंत्रण या नावाने ओळखली जाणारी सॉफ्टवेअर प्रणाली या प्रश्नासाठी उपयोगी पडते. बाजारात तिचे अनेक प्रकार उपलब्ध आहेत. त्यांची तुलना बहुधा माहितीपत्रकांतील वैशिष्ट्यांच्या याद्या समोरासमोर ठेवून केली जाते. प्रस्तुत लेखात महाविद्यालयाच्या प्रत्यक्ष परिस्थितीत कोणती प्रणाली किती टिकते, या निकषावर विचार केला आहे.

कार्यपद्धती :

या बहुतेक प्रणालींचा पाया एकच आहे. आयईईई ८०२.१एक्स हे मानक २००१ मध्ये संमत झाले. त्यात तीन घटक असतात : प्रवेश मागणारा संगणक, दारावर उभा असलेला स्विच किंवा वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, आणि निर्णय देणारा सर्व्हर. दारावरचा घटक स्वतः निर्णय घेत नाही. तो ओळखपत्र आत नेऊन दाखवितो आणि आलेल्या उत्तराप्रमाणे दार उघडतो. दार व सर्व्हर यांच्यातील संभाषण रेडियस या पद्धतीने चालते. उत्तरासोबत सर्व्हर व्हीलॅनचा क्रमांकही पाठवू शकतो. त्यामुळे प्राध्यापक, विद्यार्थी, कार्यालय व पाहुणे एकाच तारेवर असूनही निरनिराळ्या कप्प्यांत राहतात.

यात एक अट अशी की, दारावरचा स्विच हे मानक जाणणारा असावा लागतो. संगणक प्रयोगशाळेत टेबलाखाली पडलेला स्वस्तातला साधा स्विच ते जाणत नाही. सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी इमारतीतील स्विचांची मोजदाद करणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरते. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुधा टाळले जाते, आणि मग विकत घेतलेली प्रणाली केवळ वाय-फायपुरती उरते.

चार प्रणाली :

सिस्को कंपनीचे आयडेंटिटी सर्व्हिसेस इंजिन २०११ मध्ये बाजारात आले. त्याची व्याप्ती मोठी असली तरी त्याच्या सर्व क्षमतांचा लाभ त्याच कंपनीचे स्विच असल्यासच मिळतो. परवाना एका वेळी जोडल्या गेलेल्या उपकरणांच्या संख्येवर मोजला जातो. दोन हजार विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाकडे एक भ्रमणध्वनी व काहींकडे लॅपटॉप धरल्यास ही संख्या कोठवर जाते, याचा हिशेब खरेदी समितीने आधीच करावा. अरुबा कंपनीचे क्लियरपास मूळचे अवेंडा सिस्टिम्स या कंपनीचे. ती कंपनी अरुबाने २०११ मध्ये घेतली. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र नांदत असतील, तेथे ते अधिक सोयीचे पडते. पाहुण्यांची नोंदणी व विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या उपकरणांची जोडणी या दोन बाबी त्यात चांगल्या हाताळल्या आहेत. फोरस्काउटचा मार्ग वेगळा आहे. ते वाहतुकीची प्रत पाहून व स्विचला विचारून उपकरणे ओळखते. उपकरणावर काही बसवावे लागत नाही आणि ८०२.१एक्स नसले तरी त्याचे काम चालते. रुग्णालये व कारखाने यांना हे गुण विशेष उपयोगी पडतात. सामान्य महाविद्यालयास तेवढी गरज क्वचितच असते.

चौथी प्रणाली पॅकेटफेन्स. ती मुक्त स्रोत असून परवाना शुल्क नाही. कॅनडातील इन्व्हर्स या कंपनीने ती दीर्घकाळ सांभाळली; २०२१ मध्ये ती कंपनी अकामाईने घेतली. तिच्या पोटात फ्रीरेडियस हा १९९९ पासून विकसित होत असलेला सर्व्हर आहे. महाविद्यालयांच्या दृष्टीने तिचा विशेष असा की, ती जुन्या साधनांशी जुळवून घेते. ८०२.१एक्स न जाणणारा पण व्यवस्थापन करता येण्याजोगा स्विच असेल, तर त्याच्या सूचनांवरून ती व्हीलॅन बदलते. आणि स्विच अगदीच साधा असेल, तर स्वतः वाटेत उभी राहून सर्व वाहतूक आपल्यातून जाऊ देते. या दुसऱ्या प्रकारात सगळा भार एकाच यंत्रावर येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. तरीही टप्प्याटप्प्याने स्विच बदलणाऱ्या संस्थेला अशी सवलत अन्यत्र सहसा मिळत नाही.

उपकरणाच्या आरोग्याची तपासणी :

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा कृमी पसरला. त्याच सुमारास अमेरिकेतील विद्यार्थी सुटीनंतर आपापले संगणक घेऊन वसतिगृहांत परतत होते. त्यामुळे ‘आत येणारा संगणक निरोगी आहे काय’ हा प्रश्न पुढे आला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ मध्ये यासाठी नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रोटेक्शन ही सोय दिली. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये ती काढूनही टाकली. दुष्ट हेतूने येणाऱ्यास रोखणे हा तिचा उद्देश नाही, असे कंपनीनेच नमूद केले होते. ते योग्यच होते, कारण संगणक निरोगी आहे हे तो संगणक स्वतःच सांगत असतो. माहितीपत्रकांत आजही ही तपासणी ठळकपणे मांडलेली असते. जेथे उपकरणे संस्थेच्या मालकीची आहेत तेथे ती उपयुक्त आहे. विद्यार्थ्यांच्या खाजगी उपकरणांवर तिचा आग्रह धरल्यास तक्रारीच अधिक येतात.

अपवादांची यादी :

प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे व बायोमेट्रिक हजेरी यंत्रे यांपैकी पुष्कळांना ८०२.१एक्सप्रमाणे ओळख देता येत नाही. त्यांना मॅक पत्त्यावरून प्रवेश दिला जातो. हा पत्ता प्रिंटरच्या पाठीवर छापलेला असतो आणि कोणत्याही लॅपटॉपवर तो घालता येतो. म्हणजे भक्कम दरवाजाशेजारी एक उघडी खिडकी राहते. त्यावर उपाय एवढाच की, अशा उपकरणांसाठी स्वतंत्र व्हीलॅन ठेवावे आणि तेथून केवळ आवश्यक तेवढेच मार्ग मोकळे ठेवावेत.

विद्यार्थ्यांची नोंदणीही मॅक पत्त्यावर करण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून भ्रमणध्वनी प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे ती नोंदणी आता भरवशाची राहिलेली नाही. जुलै २०२४ मध्ये रेडियसमधील एमडी५ या जुन्या पद्धतीवर आधारलेली एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिचाही धोका मॅक पत्त्यावर किंवा साध्या पासवर्डवर चालणाऱ्या तपासणीस होता, ८०२.१एक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ईएपी पद्धतीस नव्हता.

नोंदी व मनुष्यबळ :

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांना संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करणे व सायबर घटना सहा तासांत कळविणे आवश्यक आहे. रेडियसच्या नोंदीत कोण, केव्हा व कोणत्या उपकरणावरून आत आले हे असते. परंतु महाविद्यालयातील शेकडो उपकरणे बाहेर एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. म्हणून अंतर्गत पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या आणि फायरवॉलच्या नोंदीही हव्यात, व तिन्हींची घड्याळे जुळलेली हवीत. घड्याळात पाच मिनिटांचा फरक पडला, तर नोंद भलत्याच विद्यार्थ्याकडे बोट दाखवू शकते.

परवान्याचे शुल्क नसले म्हणजे प्रणाली फुकट पडते असे नाही. पॅकेटफेन्ससाठी लिनक्स जाणणारी किमान एक कायम व्यक्ती लागते. तासिका तत्त्वावरील प्रयोगशाळा सहायकावर हे काम सोपविल्यास तो गेल्यावर प्रणालीही जाते. अशी व्यक्ती नसेल, तर देखभाल करारासह क्लियरपाससारखी प्रणाली महाग असूनही शहाणपणाची ठरेल. दोन्ही शक्य नसल्यास केवळ फ्रीरेडियस बसवून वाय-फायवर प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. एर्नेटमार्फत एड्युरोममध्ये सहभागी होण्यासाठीही पाया याच प्रकारचा लागतो.

सर्व्हर मात्र कोणत्याही प्रणालीत दोन असावेत. विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी एकमेव सर्व्हर बंद पडला, तर दार कोणासाठीच उघडत नाही. अशा वेळी परीक्षा कक्षातील संगणकांना ठरावीक व्हीलॅनमध्ये आपोआप जाऊ द्यावयाचे की नाही, हे स्विचवर आधीच नोंदवून ठेवावे लागते. आणि तो निर्णय तंत्रज्ञाने नव्हे, प्राचार्य व परीक्षा समितीने घ्यावयाचा असतो.